दहाव्याचा वस्तरा

आई गेल्यापासूनच्या नऊ दिवसांत शेषेरावांनी आईचं दुःख केलं हे खरं, पण त्यातला निम्मा वेळ ते आपल्या केसांचं दुःख करत होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी डोक्यावर जे काही उरलं होतं ते दहाव्याला वस्तऱ्याखाली जाणार होतं आणि त्याखाली काय दडलंय ते सगळ्या भावकीला दिसणार होतं. आईने, धोंडाबाईंनी, डोळे मिटले, शेषेरावांनी पहिला हुंदका आवरला, आणि त्यानंतर त्यांच्या मनात आलेला पहिला स्वच्छ विचार हाच होता. त्याची त्यांना लाज वाटली. पण लाज वाटून घ्यायची त्यांना सवय होती. गेली अडीच वर्षं ते फावल्या वेळात तेच करत आले होते.

सुटकेचे सगळे मार्ग त्यांनी चाचपून पाहिले. आठव्या दिवशी ते थोरल्या भावाला म्हणाले, "दादा, डोई थोरल्यानं केली तरी चालतंय म्हनं. मी दाढी करतो."

"कोन म्हनलं?" किशनरावांनी विचारलं.

"लातूरला तसा रिवाज पडलाय आता. शिवाय मी नव्या जिल्ह्याच्या कचेरीत अव्वल कारकून. असा चमनगोटा करून साहेबाम्होरं कसं बसावं?"

"तुझा साहेब दर वर्षाला बदलतोय, शेषा. आई पुन्यांदा मरनार हाय का?"

किशनरावांशी वाद घालून जिंकलेला माणूस त्या घराण्यात जन्मला नव्हता.

तर दहाव्याला सकाळी सगळी भावकी रेणा नदीच्या पात्रात ओळीने बसली. नदी म्हणायची ती रिवाजापुरती. संक्रांतीपासून तिच्यात पाणी नव्हतं. वाळूत कमरेइतका खड्डा खणला होता, त्यात तळाला गढूळ पाणी जमायचं आणि ते तांब्या-तांब्याने वर काढून दिलं जायचं. ज्ञानोबा न्हावी त्यातलंच ओंजळभर पाणी एकेकाच्या डोक्याला चोळत पुढे सरकत होता. किशनरावांचं डोकं पाच मिनिटांत झालं आणि ते लख्ख टाळू घेऊन धाकट्याच्या शेजारीच उभे राहिले, जणू धाकटा पळून जाईल. पळून जायचा विचार शेषेरावांच्या मनात आलाही होता, पण वाळूत त्यांचे पाय रुतत होते.

टोपी निघाली. ज्ञानोबाने पाणी चोळलं आणि त्याचा हात उजव्या कानाच्या वर जाऊन थबकला.

"मालक, हितं काय हाय वो?"

"काही नाही. तू वरवर फिरव."

"वरवर कसा फिरवू? चांगली लिंबाएवढी गाठ हाय. तिच्या मागं आनखी एक हाय, बारकी."

"उन्हाळ्यातलं गळू असेल."

ज्ञानोबा इमानदार माणूस. त्याने जमेल तेवढा हात हलका ठेवला, तरी गाठीच्या कडेला वस्तरा लागलाच. रक्त आलं ते थांबेना. खांद्यावरचा पांढरा पंचा लाल झाला तेव्हा ओळीतले सगळे उठून भोवती जमा झाले. अर्धापूरहून आलेली धाकटी बहीण सुमनबाई बायकांच्या घोळक्यातून धावत आली आणि तिच्या मागून तिचा डॉक्टर मुलगा नरसिंग. त्याने खिशातल्या दस्तीने रक्त दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी गाठ चाचपली. जांभळट, दगडासारखी घट्ट, खाली हाडाला धरलेली.

"मामा, हे कधीपासून?"

"झाले असतील चार दिवस."

"दुखतं?"

"अजिबात नाही," शेषेराव मोठ्या अभिमानाने म्हणाले. न दुखणं ही चांगली गोष्ट आहे अशी त्यांची अजून समजूत होती.

नरसिंगचा चेहरा मात्र पडला. "आधी कसलं ऑपरेशन झालंय तुमचं?"

उत्तर किशनरावांनी दिलं, नेहमीप्रमाणे सगळ्यांना ऐकू जाईल असं. "हर्निया. सोलापुरात. मोठ्या डॉक्टरच्या हातानं. अडीच वर्सं झाली, तवापासून मी त्येला घागरसुदिक उचलू देत न्हाई."

शेषेरावांनी मान हलवली. हलवताना आणखी थोडं रक्त आलं.

पिंडाला कावळे शिवायला मात्र पळभरही वेळ लागला नाही. गुरुजींनी हात झटकायच्या आत सात-आठ जण तुटून पडले. म्हातारीची कुठली इच्छा राहिली, कुणी काय कबूल करायचं, हे विचारायची सोयच उरली नाही. त्या साली मराठवाड्यातले कावळेसुद्धा मानपान बघत नव्हते.

हर्निया शेषेरावांना कधीच झाला नव्हता. झालं होतं ते असं की लघवीच्या जागी, अगदी टोकाला, एक फोड आला आणि तो बरा होईना. शेषेरावांनी त्यावर वर्षभर मलम लावलं. कुठलं मलम, तर जे समोर दिसेल ते. एकदा तर बैलाच्या खांद्याचं. दुसऱ्याच्या अर्जावर एक सही राहिली तर तो परत पाठवणारा हा माणूस, पण स्वतःच्या बाबतीत मामला वर्षभर दाबून बसला. शेवटी बायकोने, तारामतीबाईंनीच, त्यांना सोलापूरच्या गाडीत बसवलं. तिथल्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, त्या नावातला 'कॅन्सर' तेवढा शेषेरावांना कळला आणि निम्म्याहून जास्त अवयव कापून टाकला. तेव्हापासून ते बसूनच लघवी करत. शेतात गेले की तांब्या घेऊन लांब तुरीआड जात, आणि कुणी विचारलं तर गुडघे धरल्याचं सांगत. गावाच्या मते शेषेरावांचं पोट कायमचं बिघडलेलं होतं. ती बदनामी त्यांनी आनंदाने पत्करली.

दर तीन महिन्यांनी तपासणीला या, असं दवाखान्याने बजावलं होतं. शेषेराव दोनदा गेले. पुढे दवाखान्यातून आठवणीची कार्डं येणार हे त्यांना ठाऊक होतं आणि लातूरच्या कचेरीत कार्ड आलं की ते टेबलावर पोचायच्या आत तीन शिपाई वाचतात हेही ठाऊक होतं. म्हणून त्यांनी पत्ता दिला होता उस्मानाबादच्या जुन्या कचेरीचा. चार वर्षांपूर्वी जिल्हा फुटला, शेषेराव दप्तराच्या गठड्यांबरोबर ट्रकमध्ये बसून लातूरला आले, आणि स्वतःचा रोग मात्र त्यांनी जुन्या जिल्ह्याच्या आवक बारनिशीत, म्हणजे येणाऱ्या टपालाच्या नोंदवहीत, ठेवून दिला. पुढची कार्डं तिथेच कुठे धूळ खात असणार. ही युक्ती सुचली त्या दिवशी ते स्वतःवर फार खूश झाले होते.

दुपारी जेवणं उरकली, लांबचे पाव्हणे गेले आणि घरचे तेवढे ओसरीवर उरले. शेषेरावांच्या डोक्याला नरसिंगने पट्टी बांधली होती. आरशात पाहिलं तर कलेक्टरच्या बंगल्यावरचा पट्टेवाला पागोटं घालून बसल्यासारखं दिसत होतं. ते सुपारी कातरत बसले होते. आपलं डोकं हा आजच्या बैठकीचा विषय आहे हे त्यांना कळत होतं, पण विषयालाच बोलायला सांगण्याची पद्धत त्या घरात नव्हती.

"गळू दुखतंय," किशनराव म्हणाले. "ह्ये दुखंना. रगत थांबंना. आन बरुबर डोक्यावर. ह्ये साधं न्हाई."

"मंग काय असंल, दादा?" सुमनबाईने घाबरून विचारलं.

"दिवाळीला त्येच्या डोक्याला तेल कोनी लावलं, ते इचार."

दिवाळीच्या पहाटे मुलांना न्हाऊ घालायचं काम धोंडाबाईंचं. पण गेल्या दिवाळीला म्हातारीचे हात कापत होते, म्हणून तिने धाकट्या सुनेला हाक मारली होती. धुरपताबाई म्हणजे यांच्या सगळ्यांत धाकट्या भावाची विधवा. तो जाऊन सात वर्षं झाली होती. तिने सासूच्या शब्दाखातर किशनरावांच्या आणि शेषेरावांच्या डोक्याला तेल लावलं. किशनरावांनी तेव्हाच नाक मुरडलं होतं.

"विधवेच्या हातचं तेल," ते म्हणाले. "मी त्याच दिसी साबन लावून दोनदा डोकं धुतलं. शेषाला म्हनलं, तूबी धू. त्यो म्हनला काही होत न्हाई. आता झालं."

"मामा, काय बोलून राहिलात?" नरसिंग म्हणाला. "तेलानं अशी गाठ येत असते का?"

"तू कालचा पोरगा. करनीचं तुझ्या पुस्तकात न्हाई. मी निलंग्याकडच्या देवरुशी सिद्रामप्पाला बोलवनं धाडलंय. सांजच्याला यील. तिच्या तळहातावर कापूर पेटवून ठेवंल, मंग खरं काय ते तीच सांगंल."

शेषेरावांच्या हातातला अडकित्ता थांबला. किशनरावांच्या या अचानक उफाळलेल्या भाऊप्रेमाचं मूळ त्यांना चांगलं ठाऊक होतं. धुरपताच्या वाटणीच्या तुकड्यात एक विहीर होती. गावातल्या सगळ्या विहिरींचे तळ दिसत होते, पण तिचं पाणी अजून आटलं नव्हतं, आणि ती तिथून बुद्धवाड्यातल्या बायकांनाही पाणी भरू देत होती. किशनरावांनी तीनदा ती विहीर आपल्याकडे द्यायला सांगितलं होतं आणि तीनदा तिने मान खाली घालून नाही म्हटलं होतं. आता करणीवाली म्हणून तिला एकदा घराबाहेर काढलं की विहीर आपोआप घरात येत होती.

सुमनबाई सकाळपर्यंत धुरपताच्या गळ्यात पडून रडत होती. ती आता हळूच सरकून थोरल्या भावाजवळ जाऊन बसली. "माज्याबी मनात आलंच व्हतं," ती म्हणाली. "शेषाअण्णाची तब्येत कशी घोड्यावानी व्हती."

घोड्यासारखी. शेषेरावांना हसूच आलं आणि त्यांनी ते खोकल्यात घालवलं.

स्वैपाकघराच्या दारात धुरपता उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने शेषेरावांकडे एकदाच पाहिलं आणि आत गेली. ती नजर शेषेरावांना डोक्यावरच्या गाठीपेक्षा जड वाटली, कारण गाठ सगळ्यांत आधी तिच्याच बोटांना लागली होती. त्या दिवाळीच्या पहाटे तुरीच्या दाण्याएवढी असताना. "भावजी, ह्ये काय हाय? दवाखान्यात दावा," ती हळूच म्हणाली होती. आणि शेषेरावांनी तिला दरडावलं होतं की ही गोष्ट कुणाजवळ काढलीस तर तुला आईची शपथ. आईची शपथ मोडली तर आई मरते, असं त्या घरात सगळेच मानत. धुरपताने शपथ पाळली, आणि आई तरीही मरायची ती मेली.

शेषेराव उठले आणि नरसिंगला म्हणाले, "चल, जरा गोठ्याकडं."

गोठा रिकामा होता. जनावरं दोन महिन्यांपासून चारा छावणीत होती. गव्हाणीच्या कडेवर बसून शेषेरावांनी भाच्याला सगळं सांगितलं, फोडापासून जुन्या पत्त्यापर्यंत. मागोमाग आलेल्या तारामतीबाई शेजारी बसून मधूनमधून तारखा दुरुस्त करत होत्या. सांगणं संपलं तेव्हा नरसिंग गव्हाणीतली एक काडी मोडत बसला होता.

"बोल की," शेषेराव म्हणाले. "अर्ज नामंजूर का?"

"मामा, हा रोग पसरला तर आधी जांघेतल्या गाठींत जातो. मग फुप्फुसात, नाहीतर लिव्हरमध्ये. डोक्याच्या कातडीवर क्वचितच येतो. मी पुस्तकात एखाद्या ओळीत वाचलाय, डोळ्यांनी बघितला नव्हता. तुकडा काढून तपासावा लागेल, पण मला तोच वाटतो."

"म्हणजे जिल्हा फुटला तेव्हा झालं तसंच. निलंग्याची एक गठडी आम्हाला सहा महिन्यांनी अहमदपुरात सापडली होती. कुठं निघाली होती आणि कुठं जाऊन पडली. साहेबांनी ताशेरा मात्र माझ्यावर मारला."

नरसिंग हसला नाही.

"किती दिवस आहेत?"

"सोलापूरला जाऊ. औषधं आहेत, शेक आहे. त्रास कमी होईल. पण साल धरून चालू नका, मामा."

"मग पेन्शनचे कागद कशाला करायचे? आमच्या खात्यात ते दोन साल फिरतात. त्यांच्या आधी मीच पोचायचो."

तारामतीबाईंनी पदर तोंडावर घेतला. शेषेरावांना वाटलं, हा विनोद जरा चुकलाच. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती. कुठला विनोद तिला रडवेल ते त्यांना कळायला हवं होतं आणि खरं म्हणजे कळतही होतं, पण दुसरं काही बोलायला सुचत नव्हतं.

"हे थोरल्या मामांना सांगावं लागेल," नरसिंग म्हणाला.

"तू डॉक्टर म्हणून सांग की आजार आहे, करणी नाही. बाकीचं राहू दे. कुठं झाला, काय कापलं, ते नको."

नरसिंग गेला, त्याने सांगितलं आणि हात हलवत परत आला. किशनराव म्हणाले होते की आजार आहे हे आंधळ्यालाही दिसतं, पण तो कुणी केला ते सांग. मूळ कुठं आहे? नरसिंगला मूळ सांगायची बंदी होती.

तेवढ्यात धुरपता आतून बाहेर आली. तिच्या काखेत एक गाठोडं होतं आणि पायांत चपला. ती ओसरीवर न थांबता सरळ पायऱ्या उतरू लागली.

"कुठं निघालीस?" तारामतीबाईंनी गोठ्याच्या दारातून विचारलं.

"बिलोलीला, भावाकडं. कापूर हातावर घ्यायला मी भेत न्हाई, जाऊबाई. पर चारचौघांत मला न्हाई धरवनार त्यो."

"जाऊ द्या," किशनराव ओसरीवरून म्हणाले. "पळून चालली म्हंजे खरं काय ते कळलं."

शेषेराव गोठ्याच्या उंबऱ्यात उभे होते. गेली अडीच वर्षं त्यांनी स्वतःची इज्जत अशी सांभाळली होती की मंत्र्यानेही खुर्ची तेवढी सांभाळली नसेल. ती गेली तर आपल्यापाशी काय राहील असं त्यांना सारखं वाटायचं. आणि आता धुरपता अंगण ओलांडून चालली होती. तिच्याजवळ राहिलेलं सगळं एका गाठोड्यात मावलं होतं, आणि तेही यांच्याच कृपेने. शेषेरावांना स्वतःचा मनापासून संताप आला.

"धुरपता, थांब," ते म्हणाले. आवाज किनरा निघाला, पण निघाला.

ते अंगणाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. डोक्याला पागोटं, अंगात बनियन. लग्नातसुद्धा आपण इतके वाईट दिसलो नव्हतो, एवढं त्यांच्या मनात येऊन गेलं.

"सगळ्यांनी ऐका. एकदाच सांगणार. नक्कल मिळणार नाही." त्यांनी घसा साफ केला. "मला हर्निया झाला नव्हता. कॅन्सर झाला होता, लघवीच्या जागी. सोलापुरात निम्म्याच्या वर कापून टाकलं. दादा, तू रेणापूरच्या बाजारात ज्या हर्नियाचं कवतिक सांगत फिरलास, त्यो ह्यो. मी शेतात तांब्या घेऊन जातो ते पोट बिघडलं म्हणून न्हाई. मला उभ्यानं जमत न्हाई म्हणून."

सुमनबाईने पदर दातात धरला होता.

"डाक्तरनं तपासायला बोलवलं, मी गेलो न्हाई. कार्डं येतील म्हणून पत्ता खोटा दिला. आता त्योच रोग डोक्यावर निघालाय. ही करनी कुनाची असंल तर माझी हाय." शेषेराव धुरपताकडे वळले. "हिच्या बोटाला ती गाठ दिवाळीलाच लागली. दवाखान्यात दावा म्हनली. मीच तिला आईची शपथ घालून गप केलं. आता आई न्हाई, तरी ती बोलली न्हाई. तुम्ही तिच्या हातावर कापूर ठेवाया निघालात, तरीबी बोलली न्हाई."

किशनराव ओसरीच्या कडेला येऊन उभे राहिले होते. त्यांचा गोटा उन्हात चमकत होता. त्यांनी शेषेरावांकडे पाहिलं, मग गोठ्याच्या दाराकडे.

"तारामती, तुला ठावं व्हतं?"

"जखम रोज मीच धुतली, भावजी," तारामतीबाई म्हणाल्या.

सुमनबाई उठली, पायऱ्या उतरली आणि धुरपताच्या काखेतलं गाठोडं ओढू लागली. धुरपता ते सोडेना. दोघी बराच वेळ तशाच ओढत राहिल्या आणि शेवटी दोघीही रडायला लागल्या. गाठोडं मध्ये जमिनीवर पडलं, तेव्हा किशनराव पुन्हा बोलले.

"नरसिंगा, फटफटी काढ. सिद्रामप्पा वाटंत भेटंल, त्येला माघारी लाव." मग धुरपताकडे न बघता ते म्हणाले, "ते गठुडं आत घीऊन जा. हिर तुझी हाय, तुझीच ऱ्हाईल. मी पुन्यांदा काढनार न्हाई."

ते पायऱ्या उतरले. जवळजवळ सहा दशकं थोरल्या भावाचा आवाज ऐकत आलेल्या शेषेरावांना वाटलं, आता शिव्या येणार. घराण्याचं नाव, भावकीत तोंड, सगळं येणार. त्यांनी दोन-तीन उत्तरं तयार ठेवली. त्यांतलं एक चांगलंच हशा पिकवणारं होतं.

किशनराव अगदी जवळ येऊन थांबले. त्यांचा हात पट्टीपर्यंत गेला आणि न लावताच खाली आला. लहानपणी बाभळीवरून पडलेल्या शेषाला पाठुंगळी घेऊन घरी आणताना जसा होता, तसल्या आवाजात त्यांनी विचारलं, "लई दुखलं का रं?"

शेषेरावांनी तोंड उघडलं. तयार ठेवलेलं एकही उत्तर तिथे बसेना. अडीच वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं, कारण तारामतीबाई सोडल्या तर विचारता येईल असं त्यांनी कुणाला काही सांगितलंच नव्हतं.

"हाव, दादा," ते म्हणाले. "लई दुखलं."